एकोणचाळीस की त्रेचाळीस

१२ ऑगस्ट २००६, शनिवार

सकाळी दूध तापवत होतो, बेल वाजली. दारात तिशीचा माणूस. हातात छत्री, पायात चांगले बूट, बूट काढू की नको अशा पेचात. म्हणाला, "काका, दत्ताराम मिस्त्री तुम्हीच ना? ग्रँट रोडच्या गॅरेजमधले?" मी हो म्हणालो, आणि तिकडे दूध उतू गेलं.

नाव निमेष. शेठचा नातू. शेठ जाऊन पंधरा वर्षं झाली, मला पत्ताच नाही. त्यांच्या जुन्या मुनिमाने माझं नाव सांगितलं, मग भाईंदरात दोन दिवस विचारत फिरला म्हणे.

शेठची काळी गाडी अजून आहे. उत्तनजवळ तारोडीला त्यांचा बंगला आहे, तिथल्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. पस्तीस वर्षं. मी धरून चाललो होतो की ती कधीच भंगारात गेली.

याला ती परत रस्त्यावर आणायचीय. हिवाळ्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिच्यात नेणार. मी म्हटलं, मला आता दिसत नाही, हात कापतात, दुसरा कोणी बघ. तो म्हणाला, "काम नका करू काका. फक्त बघून सांगा, खाली एक्सल कुठला आहे."

सुमन आतून विचारत होती, कोण आलंय. मी सांगितलं, मीटर बघायला आलेला.

का खोटं बोललो? तोंडातून गेलं.

१३ ऑगस्ट, रविवार

बीपीची गोळी घेतली की नाही आठवेना. परत घेतली तर जास्त होईल, नाही घेतली तर. शेवटी अर्धी घेतली.

मधू डोळ्यांपुढून हलत नाही. सुमनचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. महाडहून आला तेव्हा मीच त्याला शेठकडे ड्रायव्हर म्हणून चिकटवला. आमच्याच खोलीत राहायचा, माझा शर्ट घालून जायचा. एकाहत्तरच्या दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी काळी गाडी घेऊन एकटाच गावाकडे निघाला, शेठच्या आईला आणायला. घाटात उतारावर गाडी वळणाऐवजी सरळ गेली. झाडाला अडकली. गाडी राहिली, मधू बाहेर फेकला गेला. सव्वीस वर्षांचा.

गाडीत बाटली सापडली. मग सगळेच म्हणाले, पिऊन चालवत होता. सासरे म्हणाले, दारुडा माझा मुलगा नाही, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मधूचं नाव उच्चारलं नाही. घरात दुसऱ्या कोणाला उच्चारू दिलं नाही.

मी त्या वेळी गप्प राहिलो. काय कारणाने गप्प राहिलो ते या वहीतसुद्धा आजवर लिहिलेलं नाही.

१६ ऑगस्ट, बुधवार

निमेषचा फोन. नशीब सुमन बाजारात होती.

अडचण अशी आहे. शेठकडे एकाच बनावटीच्या दोन गाड्या होत्या, काळी सलून, म्हणजे बसायची गाडी, आणि मालाची व्हॅन. मागचे एक्सल बाहेरून सारखेच. फरक आत. सलूनमध्ये मोठं दातेरी चाक, म्हणजे क्राउन, एकोणचाळीस दातांचं. व्हॅनला ओढायला जोर हवा म्हणून त्रेचाळीस. पिनियन, म्हणजे छोटं चाक, दोन्हीकडे आठच दातांचं. आता निमेषला परदेशात कोणीतरी नवा जोड देणारा सापडलाय कॉम्प्युटरवर. तो विचारतो, ३९ पाहिजे की ४३?

मी म्हटलं, काळी गाडी तर ३९. तो म्हणाला, "तेच तर नक्की नाय ना काका. ॲक्सिडेंटनंतर व्हॅनला या गाडीचं बरंच सामान लावलं, असं पप्पा बोलतात. एक्सल पण अदलाबदल केला असेल."

मी विचारलं, व्हॅन पुढे कधीपर्यंत चालली?

व्हॅन त्र्याऐंशीपर्यंत चालली, तेही त्यानेच सांगितलं. म्हणजे काळ्या गाडीचा एक्सल व्हॅनला लागला असेल, तर तो पुढे दहा-बारा वर्षं धड चालला. म्हणजे मी बसवलेला जोड धड होता. म्हणजे मधूला मी

पुढे लिहवत नाही. उद्या.

१७ ऑगस्ट, गुरुवार

लिहितोच.

मला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा नियम होता. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. गाडीतून काढले की लगेच तारेने एकत्र बांधायचे. धुवायचे ते बांधलेलेच, ठेवायचे बांधलेलेच. तार सोडायची ती बसवतानाच. एकाचा क्राउन दुसऱ्याच्या पिनियनशी बसवला तर काही दिवस चालतं, मग दात खातात, आणि एखाद्या दिवशी तुकडा मध्ये अडकून मागची चाकं जाम होतात.

दसऱ्याचा आदला दिवस. शेठच्या दोन्ही गाड्या पूजेला पाहिजे होत्या. दोन्हींचे एक्सल उघडे. उस्ताद नमाजाला गेलेले. मी दोन्ही जोड्यांच्या तारा सोडल्या आणि चारही नग एकाच ट्रेमध्ये रॉकेलात टाकले. घाई होती. क्राउन चुकणं शक्य नाही, आकारावरून कळतो. पण पिनियन दोन्ही आठ दातांचे, जुळ्या भावांसारखे. नंबर बघितला की नाही, हे मला त्या संध्याकाळीही आठवत नव्हतं. उस्तादांनी विचारलं, नंबर देखा? मी म्हटलं, देखा.

१९ ऑगस्ट, शनिवार

सुमनला सांगितलं, जुन्या ओळखीच्या माणसाचं काम आहे, उत्तनकडे जातोय. तिने डबा दिला.

ताडपत्री काढली तेव्हा आत पाय टाकवेना. रंग उडालाय, टपावर मीठ बसल्यासारखं पांढरं. डाव्या बाजूला झाडाचा मार तसाच. स्टिअरिंगवर मधूने गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी तशीच, निम्मी सुटलेली. निमेष म्हणाला, ही काढून टाकू या. मी म्हटलं, राहू दे सध्या.

गाडी अशी इथे का पडून राहिली, तर शेठ म्हणायचे अपशकुनी आहे, विकली तर घेणाऱ्याचं वाईट होईल. मोडलीही नाही, विकलीही नाही.

एक्सलच्या झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याचं लेबल असतं, त्यावर दात लिहिलेले असतात. खाली वाकून हाताने चाचपलं. बोल्ट आहे, लेबल गेलंय. समुद्राच्या हवेने खाल्लं. हौसिंगवरचा, म्हणजे बाहेरच्या कवचावरचा, नंबर गंजलाय. बाहेरून काही कळत नाही. मोजावंच लागणार.

बंगला राखायला कामीबाय म्हणून बाई आहे, तिथलीच, साठीची. ती म्हणाली, "ही गाडी खाते मानसाला. तुमी हात लावताव?"

२५ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या मोजायचंय. रीत इथे लिहून ठेवतो, तिथे गेल्यावर गोंधळ नको.

मागची दोन्ही चाकं उचलायची. इंजिनाकडून एक्सलकडे येणाऱ्या दांड्यावर खडूची रेघ, चाकावर खडूची रेघ. दांडा हाताने फिरवायचा. चाकाचे दहा फेरे पुरे होईपर्यंत दांड्याचे किती होतात ते मोजायचं. पावणेएकोणपन्नास आले तर ३९, म्हणजे काळ्या गाडीचाच एक्सल. पावणेचौपन्न आले तर ४३, व्हॅनचा.

परवा गणपती. सुमन मखराचे पुठ्ठे कापतेय. मी मनात आकडा म्हणतोय. चौपन्न. देवापुढे मागायला लाज वाटत नाही मला, म्हातारा झालो तरी.

२६ ऑगस्ट, शनिवार

त्रेपन्न आणि वर अर्ध्याहून जास्त!

दोनदा मोजलं. निमेष दांडा फिरवत होता, मी डाव्या चाकाशी बसून चाकाचे फेरे मोजत होतो, दांड्याचे तो मोठ्याने म्हणत होता. दोन्ही वेळा साडेत्रेपन्नच्या वर. ग्रीस घट्ट झालंय, चाक अडखळत फिरतं, म्हणून पाव-अर्धा इकडेतिकडे. पण अठ्ठेचाळीस नाही. कुठेच जवळ नाही.

म्हणजे हा व्हॅनचा. म्हणजे काळ्या गाडीचा व्हॅनखाली बारा वर्षं चालला. मी नव्हतो. मी नव्हतो.

येताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला शेंगदाण्याची पुडी दिली. त्याने घेतली नाही.

२८ ऑगस्ट, सोमवार

दीड दिवसाचा गणपती सुखरूप गेला. आरतीला माझा आवाज सगळ्यांच्या वर, असं सुमन म्हणाली. "यंदा काय झालंय तुम्हाला? पाच मोदक खाल्लेत." मी म्हटलं, सहा.

तळ्यावर विसर्जन करून येताना तिने माझा हात धरला, चिखल होता म्हणून.

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मनात मधूशी बोललो. म्हटलं, का रे प्यायलास तू.

३१ ऑगस्ट, गुरुवार

चष्मा तारोडीला शेडमध्ये राहिला होता, तो आणायला गेलो. गेलो नसतो तर.

कामीबाय शेडच्या दाराशी बोंबील निवडत बसलेली. चष्मा दिला. मग म्हणाली, "शनवारी तुमी बरोबर मोजला न्हाय." मी विचारलं, काय? ती म्हणाली, "तुमचे बाजूचा चाक दहा फिरला. माजे बाजूचा बारा फिरला. मी हितं बसलेली, बसून काय करू? मोजत व्हती. दोनी वेळा बारा."

मी म्हटलं, उजवं? ती म्हणाली, उजवं-डावं मला न्हाय म्हाईत, माजे बाजूचा.

डाव्या चाकाचा ब्रेक घासत होता, तो मला हाताला लागलाही होता. दोन्ही चाकं हवेत असली की अडलेलं चाक मागे पडतं आणि मोकळं पुढे पळतं. शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं हे. दोन्हींची सरासरी धरायची. दहा आणि बारा, सरासरी अकरा. चाळीस वर्षं हेच काम केलं मी, आणि उजव्या चाकाकडे मान वळवून बघितलं नाही.

बसमध्ये बसल्या बसल्या गुणाकार केला. एकोणचाळीस भागिले आठ, गुणिले अकरा. साडेत्रेपन्नच्या वर.

१ सप्टेंबर, शुक्रवार

निमेषने सांगितलंय, सोमवारी तो परदेशी ऑर्डर देणार. त्रेचाळीसची.

मी नाही बोललो तर? चुकीचा जोड येईल, त्याच्या मिरवणुकीचं वर्ष जाईल. इतकंच. कामीबाय कोणाला सांगणार?

२ सप्टेंबर, शनिवार

फोनपाशी तीनदा गेलो. एकदा नंबरही फिरवला, त्याच्या बायकोने उचलला, मी ठेवून दिला. सुमन विचारतेय पोटात दुखतंय का. दुखतंय म्हटलं. ओवा दिला.

काल-परवापर्यंत जे हलकं वाटत होतं ते कुठे गेलं? मधूला मनात जे बोललो ते परत घेता येत नाही.

४ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आठला निमेषला फोन केला. सांगितलं, मोजणीत चूक झाली, ऑर्डर थांबव. तो बिचारा माझीच समजूत घालायला लागला. "अरे होतं काका, टेन्शन नका घेऊ. परत मोजू."

९ सप्टेंबर, शनिवार

परत मोजलं. या वेळी उजवं चाक जमिनीवर, पुढे-मागे दगड. एकच चाक उचललेलं असलं की ते दुप्पट फिरतं, म्हणून दहाऐवजी वीस फेरे धरायचे. कामीबायला मुद्दाम समोर बसवलं. ती बोटांवर मोजत होती.

अठ्ठेचाळीस आणि पाऊण. तीनदा.

एकोणचाळीस. काळ्या गाडीचाच एक्सल. बदललेला नाही. मी बसवला तो, मधू घेऊन गेला तो, झाडाला अडकला तो. आणि फिरवताना आत प्रत्येक फेऱ्याला एकदा कट असा आवाज येतो. निमेष म्हणाला, "गंज असेल." मी म्हटलं, असेल.

तो खूश. ३९ ची ऑर्डर देणार. पंधरवड्यात जुना जोड काढून भंगारात, म्हणाला. मी विचारलं, काढताना मी येऊ का. "अरे, तुमच्याशिवाय कसं काका."

१० सप्टेंबर, रविवार

आता फक्त एक उरलंय. क्राउन बरोबर आहे हे मोजणीने कळलं. पिनियन त्याचाच आहे की व्हॅनचा, हे नंबर वाचूनच कळेल. व्हॅन तिच्याच एक्सलवर त्र्याऐंशीपर्यंत चालली म्हणावं, तर तिचा जोड मध्ये कधी बदलला का, हे सांगणारा कोणी उरलेला नाही.

आज एक गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षं कशी आली नाही कोण जाणे. नंबर जुळला तर मी सुटलो, पण मग मधू दारू पिऊनच गेला. नाही जुळला तर मधू सुटला. सासऱ्यांनी ज्याचं नाव टाकलं तो निर्दोष होता. दोघेही सुटू असा कुठलाच नंबर नाही.

आणि मी देवाकडे काय मागत होतो गणपतीच्या आधी? माझं. माझी सुटका, म्हणजे दोष त्याच्या माथी.

१३ सप्टेंबर, बुधवार

पितरांचा पंधरवडा चालू आहे. अपघाताने गेलेल्यांचं पान चतुर्दशीला ठेवतात. सासऱ्यांनी मनाई केली होती तरी सुमन दरवर्षी खिडकीच्या गजाबाहेर एक पान ठेवते, मधूचं. मी अशा वेळी खाली भाजी आणायला जातो. पस्तीस वर्षं मला त्या दिवशी नेमकी भाजी आणायची असते.

तिला सांगावं लागणार. उघडायच्या आधी. नंतर सांगितलं तर ते सांगणं नव्हे, निकाल कळल्यावरची हुशारी.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं.

ती वाल सोलत होती. मी समोर बसलो, दोन सोलले आणि सांगायला लागलो. दसऱ्याचा आदला दिवस, तारा, ट्रे, उस्तादांनी विचारलेलं, मी दिलेलं उत्तर. काळी गाडी तारोडीला आहे. मीटरवाला मीटरवाला नव्हता. सगळं. मध्ये तिने हात थांबवला नाही. मला वाटलं ऐकत नाही की काय.

शेवटी म्हणाली, "तुम्हाला हे कधीपासून वाटतं?"

"तो गेला त्या दिवसापासून."

"म्हणजे बाबा जिवंत होते तेव्हापासून."

सासरे अठ्ठ्याहत्तर साली गेले. सात वर्षं. सात वर्षांत मी त्यांच्याकडे किती वेळा गेलो, त्यांच्या शेजारी बसून जेवलो. एक वाक्य बोललो असतो, की कदाचित माझ्या हातून झालं असेल, तर त्यांनी मुलाचं नाव घेतलं असतं.

वाल उसळीला पुरतील इतके झाले होते, तरी ती सोलतच राहिली.

१६ सप्टेंबर, शनिवार

बोलते ते कामापुरतं. जेवायला या. गोळी घेतलीत का. शेजारच्या वहिनी बसायला आल्या तेव्हा त्यांच्याशी हसून बोलली. मी आत पडून ऐकत होतो. सुमन हसतेय हे ऐकायला बरं वाटलं आणि त्यात मी नाही हेही कळलं.

तिने रडावं, ओरडावं. माझ्याकडे बघून दार आपटावं. काही नाही. दार हळूच लावते.

१७ सप्टेंबर, रविवार

चहा देताना म्हणाली, "उघडणार कधी?"

मी म्हटलं, मंगळवारी. निमेष सुरतला जातोय, पण हाटकेश भागातल्या वर्कशॉपमधली दोन माणसं पाठवतोय.

"मी येणार."

मी म्हटलं, तू कशाला, घाण असते, रॉकेल असतं, पाऊस आहे. ती म्हणाली, "तुम्हाला दिसतं कुठे? कालचं विजेचं बिल उलटं धरलं होतंत."

खरं आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्याला धुकं. नंबर सुईने ओरखडल्यासारखा बारीक असतो. ती सातवीपर्यंत शिकली, मी चौथी. पेपर तीच वाचून दाखवते; ही वही मी मोठ्या अक्षरांत, अंदाजाने लिहितो.

१९ सप्टेंबर, मंगळवार

रिक्षाने गेलो. खाडीवरचा वारा लागतोय म्हणून तिने पदर कानावरून घेतला.

गाडीपाशी ती आधी गेली. ड्रायव्हरच्या बाजूने आत बघितलं. स्टिअरिंगवरची सुटलेली पट्टी बोटांनी परत गुंडाळली, टोक आत खोचलं. कामीबायने तिला बसायला पाट दिला आणि स्वतः बाहेर गेली.

दोघा माणसांनी झाकण उघडलं, तेल काळं डांबरासारखं. क्राउन बाहेर काढून गोणपाटावर ठेवला आणि ते जेवायला गेले. पिनियन आत हौसिंगमध्येच, दातांचं तोंड आमच्याकडे.

दोन दात तुटलेले. मी बोटाने बघितले. चुकीच्या जोडीनेही तुटतात. झाडावर आदळल्याचा झटका बसला तरी तुटतात. त्याने काही ठरत नाही.

क्राउनची कड रॉकेलने पुसली. सुमनने चष्मा लावून वाचलं, "दोन, एक, सात." दोनशे सतरा.

मग पिनियनचं तोंड पुसलं. गंज होता, तारेच्या ब्रशने घासला. मला तिथे नुसता करडा गोल दिसत होता. नखाने चाचपलं, खरखर लागली, आकडे नाही. ती गुडघ्यांवर बसली, बॅटरी घेऊन आत वाकली. तिच्या पाठीकडे बघत मी उभा. बराच वेळ. बाहेर कामीबाय कोंबड्यांना हाकलत होती.

मी विचारलं, "काय आहे?"

"तोच आहे."

"दोनशे सतरा?"

तिने बॅटरी बंद केली. पदराने हात पुसले, साडी चांगली होती तरी. "तोच आहे म्हटलं ना."

माणसं जेवून आली.

२० सप्टेंबर, बुधवार

नंबर जुळला. म्हणजे माझ्या हातून झालं नाही. हे वाक्य लिहून दहा मिनिटं बघत बसलो.

तिने आकडा म्हटला नाही. क्राउनचा तीन आकड्यांत म्हटला. पिनियनचा नाही.

मधू गाडी चालवायच्या दिवशी दारूला शिवत नाही, असं ती पस्तीस वर्षं म्हणत आली. बापाशी भांडली त्यावरून. काल तोच नंबर आहे म्हणाली, म्हणजे भाऊ प्यायला होता हेही म्हणाली. इतक्या शांतपणे? की एक भाऊ गेलाच आहे, आता नवरा कशाला गमावू, असा हिशेब केला तिने बॅटरीच्या उजेडात?

की खरंच तोच आहे, आणि मी बायकोवरही भरवसा न ठेवणारा माणूस आहे.

२१ सप्टेंबर, गुरुवार

चतुर्दशी. अळूची भाजी, वड्या, खीर. मी पिशवी घेऊन खाली निघालो. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज भाजी नकोय. यंदा पान तुम्ही ठेवा."

मी ठेवलं. खीर थोडी गजावर सांडली. ती मागे उभी. मी हात जोडून काय म्हणावं ते सुचेना. माफ कर म्हणू, तर कशाची? माफ केलं म्हणू, तर कोणी? नुसतं नाव घेतलं. मधू. मोठ्याने. या घरात ते नाव मोठ्याने माझ्या तोंडून कधी आलं नव्हतं.

सुमन म्हणाली, "मधुकर म्हणा. बाबांनी मधुकर ठेवलं होतं."

२४ सप्टेंबर, रविवार

निमेष येऊन गेला. सुमनने त्याला बसवलं, चहा दिला, आईवडिलांची चौकशी केली. नवा जोड महिन्याने येईल. जाताना त्याने कापडी पिशवी दिली, जड. "काका, जुना पिनियन. भंगारवाला क्राउन घेऊन गेला, हा म्हटलं तुम्हाला आठवण. मी स्वच्छ करून आणलाय." मी विचारलं, तू नंबर बघितलास का रे त्यावर? तो म्हणाला, "नंबर असतो काय? मी बघितला नाय. बघू?" आणि पिशवीत हात घातला.

मी म्हटलं, राहू दे. पटकन म्हटलं.

तो गेल्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलो. तळमजल्यावर शाळेचे सर राहतात, त्यांची नजर चांगली. दार उघडं असतं त्यांचं. दोन मिनिटांचं काम, तीन आकडे. चपला घातल्या. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो, परत आलो. परत घातल्या.

सुमन खुर्चीत बसून फुलवाती वळत होती. वर न बघता म्हणाली, "कोणाकडून वाचून घ्यायचा असेल तर घ्या. माझं वाचून झालंय."

पिशवी दारामागच्या खुंटीला लावलीय. चपला पायात तशाच आहेत.